हे चित्र गायतोंड्यांचंच कशावरून?

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एम. एफ. हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात वासुदेव गायतोंडे यांच्या १९७० सालच्या एका चित्राला ६७ कोटींच्या वर भाव आला. हुसेन पंढरपुरात जन्मलेले, गायतोंडे नागपुरात, आणि घडले दोघेही मुंबईत. हे आकडे पेपरात आले की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, 'असलं तर मीसुद्धा काढीन!' समजा, उद्या कोणी खरंच काढलं, मागे गायतोंड्यांची सही ठोकली आणि विकायला आणलं, तर ते ओळखायचं कोणी? आणि कशावरून?

असे प्रसंग घडलेले आहेत. जानेवारी २००९ मध्ये सय्यद हैदर रझा आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनासाठी दिल्लीच्या धूमिमल गॅलरीत आले. भिंतीवरची चित्रं बघत गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की यातली बहुतेक आपण काढलेलीच नाहीत. रझा हयात होते, म्हणून निकाल जागच्या जागी लागला. गायतोंडे २००१ मध्ये गेले. आता त्यांना विचारता येत नाही.

अशा वेळी साक्षीला तिघं असतात. एक जाणकाराची नजर, दुसरी प्रयोगशाळा आणि तिसरे कागद, म्हणजे हे चित्र चित्रकाराच्या हातून निघाल्यापासून आजपर्यंत कोणाकोणाकडे होतं याची साखळी. बाजारात या साखळीला 'प्रोव्हेनन्स' म्हणतात. भांडण नेहमी पहिल्या दोघांत रंगतं. आणि फसवणारा बहुतेक वेळा तिसऱ्याच्या दाराने आत शिरतो.

नजर म्हणजे नेमकं काय?

रेडिओ मध्येच लावलाय, निवेदन हुकलंय, ख्याल अर्ध्यावर आलाय. तरी मुरलेला श्रोता दोन आवर्तनांत सांगतो, 'किशोरीताई.' कशावरून, असं विचारलं तर त्याला धड सांगता येत नाही. स्वर लावण्याची तऱ्हा, समेवर येण्याची ढब, असं काहीतरी तो पुटपुटतो. पण बहुतेकदा त्याचं बरोबर असतं, कारण त्यामागे हजारो तासांचं ऐकणं असतं. चित्रांच्या जाणकाराचं असंच आहे. त्याने एकाच चित्रकाराची शेकडो कामं जवळून, मागून-पुढून पाहिलेली असतात. हात कुठे थांबतो, रंग कुठे जाड लागतो, कुठल्या कोपऱ्यात चित्रकार कंटाळतो, हे त्याच्या डोळ्यात बसलेलं असतं.

एकोणिसाव्या शतकात इटलीच्या जोव्हानी मोरेल्ली यांनी या नजरेला थोडी शिस्त लावायचा प्रयत्न केला. त्यांनी वैद्यकाचं शिक्षण घेतलं होतं आणि तो हिशेब चित्रांनाही लावला. चेहऱ्याकडे बघू नका, असं ते म्हणायचे. कानाची पाळी बघा, नखं बघा. चेहरा नक्कल करणारा मन लावून काढतो. कान मात्र जो तो आपल्या सवयीने काढतो.

कल्पना झकास आहे. पण 'मला दिसतंय' हा पुरावा झाला का?

नजर कोर्टात उभी राहते तेव्हा

१९२० साली अमेरिकेतल्या हान नावाच्या दांपत्याकडे एक चित्र होतं, ते लिओनार्दो दा विंचीचं असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. कॅन्सस सिटीतली एक कलासंस्था ते घ्यायच्या विचारात होती. त्या काळचा चित्रांचा सर्वांत बडा व्यापारी जोसेफ ड्युवीन. त्याला एका वार्ताहराने मत विचारलं आणि त्याने चित्र न बघताच सांगून टाकलं की ती नक्कल आहे, अस्सल चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. सौदा फिसकटला. श्रीमती हान यांनी पाच लाख डॉलरचा दावा ठोकला.

१९२३ मध्ये चित्र पॅरिसला नेऊन लूव्रमधल्या चित्राशेजारी ठेवलं गेलं. युरोपातले नामांकित जाणकार जमले. त्यांतले बर्नार्ड बेरेन्सन म्हणजे इटालियन चित्रांच्या बाबतीत अखेरचा शब्द. हानच्या वकिलाने त्यांना साधा प्रश्न टाकला: लूव्रमधलं चित्र लाकडावर आहे की कापडावर? बेरेन्सन यांना सांगता येईना. शेक्सपिअरने सुनीतं कुठल्या कागदावर लिहिली असं विचारण्यासारखंच हे, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. उत्तर बाणेदार होतं. मला मात्र वाटतं, नजरेची बाजू तिथेच अर्धी हरली. वस्तू कशाची बनली आहे याची पर्वा नसलेला माणूस ती कोणी बनवली हे सांगत होता. शिवाय बेरेन्सन यांचा ड्युवीनशी गुप्त करार होता, विक्रीच्या नफ्यात त्यांचा वाटा असे.

१९२९ मध्ये न्यूयॉर्कला खटला उभा राहिला. बारा सामान्य ज्युरींसमोर एका बाजूला जगातले नावाजलेले डोळे, दुसऱ्या बाजूला क्ष-किरणांचे फोटो आणि रंगांबद्दलची साक्ष. ज्युरींचं एकमत झालं नाही. नऊ जण हान यांच्या बाजूने, तिघं विरुद्ध. फेरखटला टाळण्यासाठी ड्युवीनने ६० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

गंमत पुढे आहे. तेच चित्र जानेवारी २०१० मध्ये लिलावात निघालं ते 'लिओनार्दोच्या अनुयायाचं' म्हणून, आणि १५ लाख डॉलरला विकलं गेलं. म्हणजे मुद्द्यापुरते ड्युवीन आणि बेरेन्सन बरोबर होते! त्यांची नजर फसली नव्हती. ती नजर का मानायची हे मात्र त्यांना सांगता आलं नाही, आणि हितसंबंधांमुळे त्यांच्या शब्दाचं वजनही उतरलं.

हवाहवासा व्हर्मीर

नजर खरोखर आपटली ती हॉलंडमध्ये. अब्राहम ब्रेडियस हे डच चित्रांचे महर्षी होते. १९३७ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांच्यासमोर 'एमाउसचं भोजन' हे चित्र आलं आणि त्यांनी ते सतराव्या शतकातल्या व्हर्मीरची श्रेष्ठ कृती म्हणून जाहीर केलं. रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयासाठी ते पाच लाखांहून जास्त गिल्डरना घेतलं गेलं. चित्र काढलं होतं हान व्हॅन मीगरेन नावाच्या समकालीन डच चित्रकाराने.

त्याने काय केलं ते बघण्यासारखं आहे. सतराव्या शतकातलं एक किरकोळ चित्र विकत घेतलं, वरचा रंग खरवडला आणि जुनं कापड वापरलं. निळ्यासाठी खरा लाजवर्द, म्हणजे लॅपिस लाझुली, घेतला. त्या काळी चित्राचं वय तपासायची साधी पद्धत होती, अल्कोहोल लावलेला कापसाचा बोळा रंगावर फिरवायचा. तैलरंग नवा असेल तर विरघळतो, कारण तो पक्का वाळायला कित्येक दशकं जातात. व्हॅन मीगरेनने रंगात बेकेलाइटच्या जातीचं रेझिन कालवलं आणि चित्र भट्टीत भाजलं. रंग दगडासारखा झाला. मग कापड गुंडाळून तडे पाडले आणि तड्यांत काळी शाई भरली, शतकांची धूळ दिसावी म्हणून.

हा झाला प्रयोगशाळेला दिलेला चकवा. ब्रेडियस यांच्यासाठी वेगळा सापळा होता. व्हर्मीरने तरुणपणी इटालियन वळणाची धार्मिक चित्रं काढली असावीत असा जाणकारांचा कयास होता, फक्त ती सापडत नव्हती. व्हॅन मीगरेनने नेमकं तेच पुरवलं. म्हाताऱ्याला आयुष्यभर जे हवं होतं ते समोर आलं.

सगळेच फसले असं मात्र नाही. ड्युवीनच्या माणसांनी तेच चित्र पाहून, हे टुकार बनावट आहे, अशी तार केली होती. आज आपल्याला त्यातले जड पापण्यांचे चेहरे १९३० च्या सिनेमातल्या नट्यांसारखे दिसतात. समकालीनांना ते दिसलं नाही, कारण तीच त्यांच्याही काळाची आवड होती.

बिंग फुटलं ते फार अनपेक्षितपणे. त्याचा आणखी एक 'व्हर्मीर' नाझी नेता गोरिंगच्या संग्रहात सापडला, आणि राष्ट्रीय ठेवा शत्रूला विकल्याबद्दल १९४५ मध्ये त्याला अटक झाली. जीव वाचवायला त्याने कबुली दिली: ते चित्र मीच काढलंय. कोणाचा विश्वास बसेना. शेवटी साक्षीदारांच्या देखरेखीखाली त्याने आणखी एक 'व्हर्मीर' काढून दाखवला. रसायनशास्त्रज्ञांच्या समितीला रंगात ते रेझिन मिळालं. तरीही काही जाणकार अडून बसले होते.

प्रयोगशाळेला 'नाही' म्हणता येतं, 'हो' म्हणता येत नाही

या सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य. प्रयोगशाळा चित्रातल्या वस्तूंचं वय आणि घटक सांगते. वस्तू चित्रकाराच्या काळातली नसेल तर विषय संपला. असेल तर एवढंच कळतं की चित्र त्या काळातलं असू शकतं. त्या काळात रंग लावणारे हात हजारो होते.

रंगांना जन्मतारखा असतात. प्रशियन ब्ल्यू हा निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झाला. त्याआधीच्या चित्रात तो मूळ थरात मिळाला तर काहीतरी काळंबेरं आहे. टायटॅनियम व्हाइट चित्रकारांच्या हाती आला तो १९२० च्या सुमारास. या पांढऱ्यानेच वोल्फगांग बेल्ट्राकीला पकडून दिलं. हा जर्मन ठग थोर चित्रकारांच्या अस्तित्वातच नसलेल्या चित्रांची नक्कल करायचा, म्हणजे जुन्या यादीत नाव आहे पण चित्र हरवलंय, असं हेरून ते 'शोधून' काढायचा. माक्स अर्न्स्टच्या नावावर त्याने खपवलेली चित्रं वेर्नर श्पीस यांच्यासारख्या मातब्बर जाणकारानेही अस्सल ठरवली. २००६ मध्ये त्याचं एक चित्र काम्पेनडोंक या चित्रकाराचं, १९१४ सालचं, म्हणून सुमारे २९ लाख युरोंना विकलं गेलं. घेणाऱ्याने तपासणी करवून घेतली, तर टायटॅनियम व्हाइट निघाला. बेल्ट्राकीने त्या खेपेला पांढरा रंग स्वतः न घोटता तयार ट्यूब वापरली होती, आणि त्यात टायटॅनियम असल्याचं ट्यूबवर लिहिलेलं नव्हतं. २०११ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

आणखी एक घड्याळ आहे, अणुबॉम्बचं. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६३ पर्यंत खुल्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला, आणि पुढे हळूहळू उतरत गेला. झाडं तो शोषतात. त्यामुळे कापडाचा ताग-कापूस किंवा रंगातलं जवसाचं तेल कुठल्या सुमाराच्या पिकातलं आहे हे कळू शकतं. व्हेनिसच्या पेगी गुगनहाइम संग्रहात फर्नां लेजेच्या नावाचं एक चित्र होतं. १९७० च्या दशकापासून जाणकार त्यावर शंका घेत होते. २०१४ मध्ये इटालियन शास्त्रज्ञांनी कापड तपासलं, तर ते १९५९ नंतरचं निघालं. लेजे वारला १९५५ मध्ये.

इथे दोन्ही साक्षीदारांनी आपापलं काम चोख केलं. शंका नजरेने घेतली, शिक्कामोर्तब यंत्राने केलं. मला तरी हीच योग्य विभागणी वाटते.

मग सगळीच चित्रं सरळ तपासून का घेत नाहीत?

खर्च हे एक कारण. काही चाचण्यांना चित्राचा कण काढावा लागतो, तेही मालकाला नको असतं. पण खरी अडचण निकालाचा अर्थ लावण्यात आहे. जुन्या चित्राची दुरुस्ती विसाव्या शतकात झाली असेल तर त्यात टायटॅनियम मिळणारच, म्हणून चित्र खोटं ठरत नाही. कण मूळ थरातला की डागडुजीतला, हे ठरवायला पुन्हा नजरच लागते. रेम्ब्रांटच्या कार्यशाळेत शिष्य त्याच्याच फळ्या, त्याचेच रंग वापरत. त्याची म्हणून जगभर गाजलेली बर्लिनची 'सोनेरी शिरस्त्राणधारी' १९८० च्या दशकात त्याच्या नावावरून उतरली. यंत्राच्या दृष्टीने गुरू आणि शिष्य सारखेच.

आधुनिक भारतीय चित्रांत तर प्रयोगशाळा आणखी हतबल होते. हुसेन, सूझा, गायतोंडे यांनी वापरलेले रंग दुकानात मिळणारे होते, आणि त्यातले पुष्कळ आजही मिळतात. बॉम्ब-कार्बनचं घड्याळ तैलचित्रांना उपयोगी पडेल, पण अॅक्रिलिक रंग पेट्रोलियमपासून बनतो. कोट्यवधी वर्षं जुन्या तेलात तो कार्बन शिल्लकच नसतो, तेव्हा घड्याळ बंद.

तिसरा साक्षीदार सर्वांत आधी फितूर होतो

म्हणून सगळा भार कागदांवर येतो, आणि कागद रंगवणं चित्र रंगवण्यापेक्षा सोपं. बेल्ट्राकीने चित्रांच्या पाठीवर फ्लेख्टहाइम या ज्यू विक्रेत्याच्या संग्रहाची बनावट लेबलं चिकटवली. बायकोला तिच्या आजीसारखे कपडे घालून, मागे आपली चित्रं टांगून, जुन्या फोटोपेपरवर मुद्दाम धूसर फोटो काढला. आजीकडे चित्रं होती याचा 'पुरावा' तयार. पुढे एका अभ्यासकाच्या लक्षात आलं की असलं लेबल फ्लेख्टहाइमने कधी वापरलंच नव्हतं.

लंडनचा जॉन ड्रू त्याच्याही पुढे गेला. जॉन मायट हा चित्रकार त्याला नकला काढून द्यायचा, त्याही घराच्या भिंतींना लावायच्या इमल्शन रंगात. शाळकरी पोरानेही पकडावं असं काम. पण ड्रूने देणगी देऊन टेट संग्रहालयाच्या दफ्तरखान्यात प्रवेश मिळवला आणि जुन्या नोंदींतच खोटी पानं घुसडली. जाणकार दफ्तर तपासायला जायचे, आणि दफ्तरच खोटं बोलायचं. अशी सुमारे २०० चित्रं बाजारात गेली.

न्यूयॉर्कची १८४६ पासूनची नोडलर गॅलरी याच वाटेने २०११ मध्ये बंद पडली. सुमारे ८ कोटी डॉलरची बनावट चित्रं तिथून विकली गेली, मूळ मालकाचं नाव मात्र 'गुप्त'. एका चित्रावर तर जॅक्सन पोलॉक या अमेरिकन चित्रकाराच्या सहीतलं स्पेलिंगच चुकलं होतं!

उलट चांगली साखळी कशी असते ते 'ग्रामयात्रा'त दिसतं. १९५४ सालचं चित्र, त्याच वर्षी दिल्लीत कामाला आलेल्या नॉर्वेतल्या एका डॉक्टरांनी घेतलं, १९६४ मध्ये ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेलं आणि पुढची कित्येक दशकं तिथेच राहिलं. मधे एकही अंधारी जागा नाही. ११८ कोटींत या सरळपणाची किंमतही आहे.

एआयला विचारलं तर?

विचारून झालंय. 'द ब्रेसी टोंडो' नावाचं एक चित्र राफाएलचं आहे का, यावर २०२३ मध्ये ब्रिटिश विद्यापीठांतल्या संशोधकांच्या एआयने चेहरे राफाएलच्या चित्राशी ९७ टक्के जुळतात असं सांगितलं. काही महिन्यांतच एका स्विस कंपनीच्या एआयने ते राफाएलचं नसण्याची शक्यता ८५ टक्के असल्याचं जाहीर केलं. यंत्राला अस्सल म्हणून कुठली चित्रं शिकवायची हे माणसंच ठरवतात. त्या यादीत एखादी नक्कल असेल तर यंत्र तीही प्रामाणिकपणे शिकतं. आणि नक्कल चेहऱ्याशी जुळणारच, त्यासाठीच ती काढलेली असते.

चित्रकार हयात असेल तर प्रश्नच नाही ना?

रझांच्या बाबतीत नव्हता. पण इटलीचा ज्योर्जो द किरिको आपल्या गाजलेल्या जुन्या चित्रांच्या प्रती नव्याने काढून त्यांवर मागची तारीख घालायचा आणि काही अस्सल चित्रं सरळ नाकारायचा. चित्रकारही साक्षीदारच, तोही उलटतपासणीतून सुटत नाही.

चित्रकार गेल्यावर त्याच्या नावाची संस्था निर्णय देते, ही सोयही आता आटत चालली आहे. अँडी वॉरहॉलच्या चित्रांची खातरजमा करणारं मंडळ दाव्यांच्या खर्चाला कंटाळून गुंडाळलं गेलं. 'हे खोटं आहे' असं म्हणणाऱ्याला मालक कोर्टात खेचतो, म्हणून पुष्कळ जाणकार हल्ली गप्प राहणं पसंत करतात. त्यांची नजर शाबूत आहे, तोंड मिटलेलं आहे.

आपल्याकडे काय?

२०११ मध्ये कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथ टागोरांची म्हणून मांडलेली २० चित्रं पुरातत्त्व खात्याच्या तपासणीत बनावट ठरली. कलाशिक्षणाच्या ऐन माहेरघरात हे घडलं. २०२३ च्या अखेरीस मुंबईत एका खरेदीदाराने सूझा, मनजित बावा अशा नावांखाली आपल्याला कोट्यवधींची खोटी चित्रं विकल्याची फिर्याद दिली. चित्रांच्या बनावटीसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. फसवणूक आणि खोटे दस्तऐवज यांचीच कलमं लागतात. १९७२ च्या कायद्याने रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा नऊ चित्रकारांची चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत. पण चित्र त्यांचंच आहे का, हा प्रश्न तो कायदा सोडवत नाही.

म्हणून माझं मत असं की आपल्याला आणखी यंत्रांपेक्षा दफ्तरांची गरज जास्त आहे. प्रदर्शनांचे कॅटलॉग, गॅलरीच्या विक्रीच्या वह्या, स्टुडिओतले फोटो, चित्रांच्या पाठींचे फोटो. गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं काढत आणि अनेकांच्या पाठीवर देवनागरीत सही करत. प्रत्येक चित्रकाराच्या कामाची अशी पूर्ण यादी झाली तर बेल्ट्राकीसारख्याला 'हरवलेलं' चित्र शोधायला जागा राहणार नाही. हे काम खर्चिक नाही, कंटाळवाणं आहे, बहुधा म्हणूनच अडलंय.

चित्र घेणाऱ्याने विक्रेत्याचं प्रमाणपत्र बाजूला ठेवून चित्राची पाठ दाखवायला सांगावी, आणि चित्रकाराच्या हयातीतल्या कुठल्या कॅटलॉगमध्ये ते छापलंय का, ते विचारावं. 'मालकाला नाव उघड करायचं नाही' हे उत्तर आलं तर चहा पिऊन उठावं.

आणि घरात पणजोबांच्या काळातली, फ्रेममधली लक्ष्मी किंवा सरस्वती असेल आणि 'अस्सल रविवर्मा' म्हणून कोणी ती मागायला आलं, तर एक चाचणी फुकटात होते. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेल्या छापखान्यातून या देवता हजारोंनी छापल्या गेल्या. कधी वर व्हार्निश द्यायचे, कधी कागदावर कॅनव्हाससारखी वीण उठवायचे. चांगलं भिंग घ्या आणि देवीच्या गालावर धरा. रंगीत ठिपके दिसले तर तो दगडी छपाईचा छाप आहे. ठिपके नाही दिसले, तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. तेव्हा जाणकाराला फोन करा.